कोंडिबा मार्करचा डावा हात

भोरच्या क्लबात बिलियर्ड खेळायला येणाऱ्या मंडळींनी कोंडिबा मार्करचा डावा हात फारसा कधी पाहिला नाही. पांढरा कोट, डोक्याला रुमाल, कमरेला तांबडा पट्टा आणि त्या पट्ट्यात मनगटापर्यंत खुपसलेला डावा हात, अशा थाटात तो गुणांच्या फळ्याशी उभा असायचा. नव्या माणसाला वाटे, हात अधू असावा. कुणी म्हणे, लढाईवर जाऊन आलेला दिसतो. बदलून आलेल्या एका मामलेदारांनी तर त्याला चोळायचं तेलसुद्धा सुचवलं. कोंडिबा 'व्हय जी' म्हणाला आणि हात होता तिथंच ठेवला. हात चांगला धडधाकट होता. उत्रोलीच्या खाचरातून भाताचे भारे उचललेला हात तो. तो पट्ट्यात का गेला, हे सांगायचं म्हणजे टेबलापासून सुरुवात करायला हवी.

टेबल आलं सन चोवीसच्या उन्हाळ्यात. पाटीच्या दगडाच्या पाच फरशा, एकेक एवढी जड की चार माणसांचं कंबरडं मोडावं. पुण्याहून कात्रजच्या घाटानं बैलगाड्यांतून त्या भोरात पोचल्या, तेव्हा उचलायला गावोगावची माणसं बोलावली होती. त्यांत कोंडिबा होता, वय पंचविशीचं. एवढ्या जपून दगड मांडताना पाहून त्यानं न राहवून विचारलं, "कुणाची समाधी बांधायची म्हणायची जी?" संस्थानचे न्यायाधीश उपेंद्रराव तिथं खुर्ची टाकून बसले होते. ते इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला.

टेबल जोडायला पुण्याचा कारागीर आला होता. त्यानं नळीतला बुडबुडा बघून बघून पाय उंच-सखल केले आणि टेबल पाण्यासारखं सपाट झालं म्हणून जाहीर केलं. कोंडिबा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्यानं एक डोळा मिटला आणि म्हणाला, "खिडकीकडचा कोपरा उतरता हाय. पाणी सोडलं तर तितं साचंल." कारागीर भडकला. उपेंद्ररावांनी एक गोळा मागवून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बोटानं हलकेच ढकलला. गोळा रमतगमत गेला तो खिडकीकडच्या कोपऱ्यातच. भाताच्या खाचरात जन्म गेलेल्या माणसाला जमिनीची पातळी शिकवायला बुडबुडा लागत नाही, हे त्या दिवशी क्लबाला कळलं, आणि कोंडिबा मार्कर झाला.

मार्कर म्हणजे टेबलाचा पुजारीच. रोज हिरव्या कापडावरून एकाच दिशेनं ब्रश फिरवायचा, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग कोमट इस्त्री. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाचं चामडं झिजलं की सरसानं नवं चिकटवायचं. खेळ चालू असताना गुण मोठ्यानं सांगायचे आणि फळ्यावरचे पितळी काटे सरकवायचे. कोंडिबाला अक्षर येत नव्हतं, पण वर्षभरात त्याला नियम असे पाठ झाले की वकील मंडळी त्याच्याकडे निवाडा मागू लागली. टेबलावर गोळे तीनच. दोन खेळणाऱ्यांचे दोन पांढरे, त्यांतला एक ठिपक्याचा, आणि एक लाल. आपल्या पांढऱ्यानं बाकीच्या दोघांना शिवलं की दोन गुण. लाल कडेच्या खड्ड्यात घातला की तीन. गुण मिळाला की पाळी चालूच राहते, चुकला की संपते. लाल पडला की मार्करनं तो लगेच काढून त्याच्या जागेवर ठेवायचा. पण समोरच्याचा पांढरा पडला, तर दोन गुण मिळतात खरे, मात्र तो गोळा खड्ड्यातच राहतो. ज्याचा तो असतो त्याची पाळी आली, की मगच तो बाहेर निघतो. म्हणून सभ्य माणूस मुद्दाम समोरच्याचा पांढरा घालत नाही. घातलाच चुकून, तर 'माफ करा' म्हणतो.

अकरा वर्षांत कोंडिबाच्या हातून एक काटा चुकीचा सरकला नाही. याचा त्याला भारी अभिमान होता, आणि अभिमान बाळगायला गरिबाजवळ दुसरं असतं तरी काय!

घरी बायको फुलाबाई, मार्गासनीची लेक, आणि एकुलती एक मुलगी सखू. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. नवरा बायकोला नावानं हाक मारीत नाही, बायको तर नाहीच नाही. पोर झालं की अडचण सुटते. कोंडिबा हाक मारी, "सखूचे आई!" आणि आतून उत्तर येई, "काय वं, सखूचं बा?" दिवसातून शंभरदा तरी हे चाले. घराला त्या दोन हाकांची सवय झाली होती.

सखूला लाल गोळ्याचा ध्यास होता. बापाबरोबर एकदा क्लबात जाऊन तिनं तो पाहिला होता. "बा, त्यो तांबडा मला आणा," हे टुमणं तिनं वर्षभर चालवलं. कोंडिबा म्हणे, "त्यो क्लबचा हाय बाळा, आपला न्हाई." आणि तेहेतीस सालच्या भादव्यात, सहाव्या वर्षी, ती पाच दिवसांच्या तापानं गेली.

त्यानंतर घरात काय झालं हे बाहेरच्या कुणाला कळलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही उरलंच नाही. हाक मारायला शब्द नव्हता. 'सखूचे आई' म्हणायला कोंडिबाची जीभ उचलेना. फुलाबाईचंही तेच. ती भाकरी थापी, लावणीला जाई, पाणी आणी, सगळं करी, पण तोंडातून 'जेवा' आणि 'हं' यापलीकडे अक्षर निघेना. कोंडिबा रात्रंदिवस एकच धरून बसला होता. पोर गेली ती गेली, पण ही माझ्यासमोर असून चालली, हिला परत कसं आणू? तो जिवाच्या आकांतानं तिला हाक मारू पाहत होता आणि हाक सापडत नव्हती.

पुढच्या शिमग्यात क्लबात नवे गोळे आले. जुने हस्तिदंती होते, पिवळे पडलेले, एकाला चीर गेलेली. उपेंद्रराव म्हणाले, "कोंडिबा, हे टाकून दे, नाहीतर घरी ने." कोंडिबानं ते धोतराच्या सोग्यात बांधून आणले. लाल गोळा फुलाबाईसमोर ठेवला आणि मग तो स्वतःच ओट्यावर बसून पोरासारखा रडला. सहा महिने उशिरा आणला होता त्यानं.

फुलाबाईनं तो उचलून पडवीतल्या कोनाड्यात ठेवला. तो काही तिथं राहीना. घरंगळला, खाली पडला आणि सारवलेल्या जमिनीवरून चुलीच्या दिशेनं गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. कोंडिबा सवयीनं स्वतःशीच पुटपुटला, "हितं जमीन उतरती हाय." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पडवीची जमीन उकरायला घेतली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात रिकामे नकोत म्हणून म्हणा. माती भिजवली, चोपणं घेऊन ती चोपली, पुन्हा भिजवली. फुलाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती बोलली.

"मधी उंच ऱ्हायलंय."

कोंडिबानं चोपणं खाली ठेवलं. सहा महिन्यांतलं तिचं पहिलं धड वाक्य होतं ते. बरोबरही होतं. मार्गासनीच्या खाचरांत वाढलेली होती ती, तिचाही डोळा नवऱ्यापेक्षा कमी नव्हता. मग दोघांनी मिळून ती जमीन केली. कडेनं हातभर रुंदीचा बांध घालून त्यावर गोणपाटाच्या घड्या ठोकल्या, गोळा उलटून यावा म्हणून. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मधे दोन असे सहा खड्डे पाडले. वरून फुलाबाईनं शेणानं असं गुळगुळीत सारवलं की क्लबच्या कापडानं लाजावं. वेळूच्या दोन काठ्या घासून सरळ केल्या आणि टोकाला जुन्या वहाणेचं चामडं चिकटवलं. गावातल्या बायकांनी नाकाला बोटं लावली. लावू देत! ज्याचं जळतं त्यालाच कळतं काय आणि कशानं विझवायचं ते.

कोंडिबा तिला नियम शिकवू लागला. रोज जेवणं झाली की क्लबला जाईपर्यंत एक डाव. गुडघ्यावर बसून खेळायचं, पदर खोचून. तिचा नेम लौकरच बसला. आणि एक दिवस कोंडिबाच्या हातून तिचा पांढरा खड्ड्यात पडला.

"दोन," कोंडिबा म्हणाला आणि पुढे खेळू लागला.

"थांबा. माझा गोळा?"

"तुझी पाळी आली का निघंल."

"लाल पडला की लगी काढता, आन माझा पडला तर ऱ्हाऊ दे म्हनता?"

"कायदाच हाय तसा. लंडनचा."

"आन तवर त्यो तितंच पडून ऱ्हायचा? खड्ड्यात? येकलाच?"

फुलाबाईचा चेहरा कोंडिबाला काही नीट बघवेना.

"लंडनवाल्यांनी तिकडं काय करायचं ते करावं," ती म्हणाली. "ह्या घरात पडलेला गोळा खड्ड्यात ऱ्हानार न्हाई. काढा भाईर, आन मदोमद ठेवा."

त्यानं काढला आणि मधोमध ठेवला. तेव्हापासून तो घरचा कायदा झाला. पांढरा असो की लाल, पडला की तत्क्षणी बाहेर. फुलाबाई बोलू लागली. आधी खेळातलं, मग भाताचं, मग शेजारच्या अंबूबाईच्या सुनेचंसुद्धा. हाक मात्र अजून फुटत नव्हती. 'अवं' आणि 'अगं' यावरच गाडी चालली होती. पण कोंडिबा तेवढ्यावरही खूश होता. तो मुद्दाम हरायचा, आणि पुढे पुढे मुद्दाम हरायची गरज उरली नाही.

वर्ष असं गेलं, आणि पस्तिसाच्या माघात क्लबात तो सामना झाला. पुण्याहून एक बॅरिस्टर पाहुणे आले होते, बोलायला तिखट आणि खेळायला त्याहून. रविवारी दुपारी उपेंद्ररावांशी त्यांचा दोनशेचा डाव ठरला. निम्मं भोर खिडक्यांना लटकलं होतं. पाहुणे एकशे अठ्ठ्याऐंशी, उपेंद्रराव एकशे एक्क्याऐंशी. उपेंद्ररावांनी लालवर मारलेला फटका थोडा चुकला आणि पाहुण्यांचा पांढरा कोपऱ्यातल्या खड्ड्यात गेला. "माफ करा," उपेंद्रराव म्हणाले. पाहुणे मान हलवून पाणी प्यायला व्हरांड्यात गेले. उपेंद्रराव पाठ फिरवून चष्मा पुसू लागले.

आणि कोंडिबाचा डावा हात खड्ड्यात गेला. घरी बसायची त्याची बाजू अशी होती की गोळे काढायला डावाच हात पुढे होई. गुणांचा काटा उजव्या हातानं दोन पुढे सरकला, तोंडानं "एकशे त्र्याऐंशी" निघालं, आणि डाव्या हातानं पाहुण्यांचा पांढरा काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. तिन्ही गोष्टी त्यानं एकाच शांतपणानं केल्या. उपेंद्ररावांनी चष्मा चढवला, समोर तीन गोळे नामी मांडलेले पाहिले आणि एकामागून एक तीन वेळा दोघांना शिवून सहा गुण केले. उभ्या आयुष्यात साक्षीपुरावे तपासलेल्या माणसाला समोरचा पुरावा दिसला नाही, म्हणजे बघा.

पाहुणे परत आले. "मी गेलो तेव्हा माझा गोळा खड्ड्यात होता. हा वर कसा आला?"

सगळ्यांनी कोंडिबाकडे पाहिलं. कोंडिबानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्याच्या पायांखालची फरशीच उतरती झाली.

"म्या काढला जी."

"कुठल्या पुस्तकात आहे हा नियम?"

खोटं बोलायची सवय नसली की माणसाची अशी पंचाईत होते. "पुस्तकात न्हाई जी," तो म्हणाला. "आमच्या घरचा हाय."

असा हशा पिकला की खिडकीतली माणसं खाली पडायची राहिली. "बिलियर्डचे कायदे भोरला मार्करच्या घरी होतात, हे पुण्यात सांगितलं पाहिजे," पाहुणे म्हणाले. उपेंद्ररावांनी तिथंच डाव सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंडिबाला बोलावलं. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "महिनाभर फळ्याशी उभा राहू नकोस," ते म्हणाले. "टेबल तेवढं बघ. हाताची सवय मोड आणि मग ये. नाही मोडली, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

कोंडिबानं घरी चकार शब्द काढला नाही. पण क्लबचा शिपाई चिमाजी बाजारात फुलाबाईला भेटला आणि सगळं रंगवून सांगून गेला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कोंडिबा काठी घेऊन बसला तेव्हा फुलाबाईनं तिन्ही गोळे फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवलेले होते.

"माज्यामुळं झालं," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर पुन्हा 'जेवा' आणि 'हं'.

आठ दिवस गेले. कोंडिबा क्लबात ब्रश फिरवायचा, पण लक्ष सगळं पडवीत. घरचा कायदा पाळावा तर हाताची सवय मोडत नाही, फळा जातो. फळा गेला तर जावो, असंही त्याला एकदा वाटलं. पण ही तर फळा जायच्या आधीच गप्प झाली होती, आणि फळा गेला असता तर जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती. नवव्या दिवशी त्यानं गोळे खाली काढले.

"चल. माज्या हाताची सवय मोडायची हाय," तो म्हणाला. "क्लबच्या कायद्यानं खेळू. तुज्याबिगर कुनासंगं खेळू मी?"

ती आली. नवऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता, नाही कशी म्हणेल? डाव सुरू झाला. फक्त गोळ्यांची टकटक चालली. थोड्या वेळानं कोंडिबाच्या फटक्यानं तिचा पांढरा चुलीकडच्या खड्ड्यात पडला. त्याचा डावा हात आपसूक पुढे झाला. उजव्या हातानं त्यानं तो मनगटाला धरला आणि मागे ओढला.

"दोन," तो म्हणाला.

मग त्यानं लाल घातला. तीन. लाल काढून जागेवर ठेवला. पुन्हा घातला. पाच आणि तीन, आठ. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. त्याची पाळी संपेना. कधी नव्हे तो नेम त्या दिवशी असा लागला होता की चुकतो म्हटलं तरी चुकेना, आणि पांढरा गोळा आपला खड्ड्यात पडून राहिला. फुलाबाई त्या खड्ड्याकडे बघत होती. कोंडिबाला ती दिसत होती आणि तिच्याकडे बघायचं धैर्य त्याला होत नव्हतं. त्यानं अकरा म्हटलं. चौदा म्हटलं.

"सखूचं बा."

कोंडिबाच्या हातची काठी थांबली. दीड वर्षानं ऐकली होती ती हाक. त्याला वाटलं, भास झाला.

"सखूचं बा," फुलाबाई पुन्हा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण आवाज स्वच्छ होता. "क्लबात ऱ्हाऊ द्या त्यो कायदा. हितं नगं. मला न्हाई बघवत. काढा त्यो भाईर."

कोंडिबानं डावा हात खड्ड्यात घातला, गोळा काढला, धोतरानं पुसला आणि मधोमध ठेवला.

"ठेवला गं," तो म्हणाला. "ठेवला, सखूचे आई."

दोघं त्या सारवलेल्या जमिनीवर समोरासमोर बसून पोटभर रडली. पोर गेली तेव्हा रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडली. मग फुलाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्या हाताकडे बघितलं.

"ह्यो डावा हात लई वंगाळ," ती म्हणाली. "क्लबात ह्याला बांधून ठेवा. घरी मोकळा सोडा."

महिना संपला तेव्हा तिनंच सकाळी त्याच्या कमरेचा तांबडा पट्टा आवळला, त्याचा डावा हात धरून मनगटापर्यंत आत खुपसला आणि वरून एकदा थोपटला. कोंडिबा क्लबाच्या वाटेला लागला, आणि वळणापर्यंत त्याला मागून हाक ऐकू येत होती, सखूचं बा, परतताना मीठ आना.